बसल्याचं माप

१९६७ साल, आणि मला चौसष्ट पुरी झालेली. या वयात कुणी ना कुणी गेल्याचं कानावर येतच असतं. माणूस ऐकतो, हातातला टाका पुरा करतो, मग हळहळतो. त्या दिवशी माझा टाका पुरा झाला नाही. सकाळी दहाचा सुमार. बंगळुरात पेठेतल्या विठोबाच्या देवळासमोर माझं शिवणाचं दुकान आहे. रस्त्याला लागून दोन पायऱ्या, वर लाकडी फळी, फळीवर मशीन आणि मी. एका वकिलाच्या कोटाला काजं करत बसलो होतो. खालच्या पायरीशी नंजप्पा येऊन उभा राहिला. हा लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतो. अंगानं ढोलासारखाच, पण त्या दिवशी आक्रसल्यासारखा दिसला.

"अण्णा, आमचा यल्लप्पा गेला."

"कधी?"

"सोमवारी. आज तीन दिवस झाले."

"तीन दिवस झाले, आणि आज सांगतोस?"

त्यानं टोपी काढून हातात धरली होती, तिची कड तो बोटांनी फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही आला असता का, अण्णा?"

रागानं नाही विचारलं. रविवारी दुकान उघडं असतं का असं विचारावं, तसं विचारलं. मग त्यानं टोपी घातली आणि जाताना म्हणाला, "अक्कानं सांगितलंय, सवडीनं एकदा येऊन जा. तुमचं काहीतरी तिच्याकडे आहे." अक्का म्हणजे मुनियम्मा, यल्लप्पाची बायको आणि या नंजप्पाची थोरली बहीण. तिच्याकडे माझं काय असणार हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी तीन आठवडे गेलो नाही.

पेपरच्या या पुरवणीत मोठमोठ्या गवयांवर, वादकांवर लेख येतात. मी ते अक्षर लावून लावून वाचतो, कारण माझं शिक्षण देवळाच्या शाळेत मराठी तिसरीपर्यंत. यल्लप्पावर कुणी लिहिणार नाही. त्याचा फोटो कुठे छापला गेला नाही, त्याला शाल-श्रीफळ मिळालं नाही. पंचवीस-तीस वर्षं तो या शहरातल्या नवरदेवांच्या घोड्यापुढे क्लॅरिनेट वाजवत चालला, आणि मांडवाचं दार आलं की थांबला. त्याच्यावर लिहायचा हक्क मला आहे की नाही, ते वाचणाऱ्यांनी शेवटी ठरवावं.

तो पहिल्यांदा माझ्या पायरीशी आला १९५२ साली. बँडच्या चौदा माणसांना लग्नसराईसाठी नवे लाल कोट हवे होते, बाहीला पिवळी किनार. चौदा जण रस्त्यात रांगेनं उभे. इथे त्या मापाची रीत सांगायला हवी. यल्लप्पाच्या जातीच्या माणसाला आमच्या पेठेत पायरीच्या वर जागा नव्हती. हॉटेलात त्यांचा पेला वेगळा असायचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. तशी माझ्याकडे टेप वेगळी होती. दाराच्या चौकटीला खिळा, खिळ्याला ती टेप. मी वरून सांगायचो, छाती, बाही, पाठ. ती माणसं एकमेकांना टेप लावायची आणि आकडा ओरडायची, मी वहीत लिहायचो. काम झालं की टेप खिळ्याला परत. माझ्या गळ्यातली टेप वेगळी, ती त्यांना लागत नसे. हाताशिवाय माप पुरं होत नाही, हे शिंप्याच्या पोराला मिसरूड फुटायच्या आधी कळतं. एक खांदा उतरलेला आहे, पाठीला बाक आहे, हे टेप सांगत नाही, हात सांगतो. पण माझ्या बापानं तसं केलं, म्हणून मीही तसं केलं. नंतर कायदा झाला, शिवाशीव गेली असं पेपरात आलं. पेपर आला, वाचला, पण खिळा होता तिथेच होता.

आणखी एक. माझ्या मापाच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने असतात. एक उभ्याचं माप, एक बसल्याचं. बंद गळ्याचा कोट शिवायचा तर दोन्ही लागतात. माणूस मांडी घालून बसला, वाकला, हात पुढे घेतले, की पाठ रुंदावते. उभ्याच्या मापावर शिवलेला कोट बसलेल्या माणसाला धरतो. बँडवाला मात्र उभा असतो किंवा चालत असतो. म्हणून त्या चौदा पानांवर दुसरा रकाना मी कोरा सोडला. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

यल्लप्पा त्या चौदांतला सर्वात सडपातळ, आणि सर्वात कमी बोलणारा. कोट न्यायला सगळ्यांच्या मागून आला आणि गेलाच नाही. एकादशी होती, समोर देवळात आमच्या मंडळाचं भजन चाललेलं. तो पायरीशी पाठमोरा उभा राहून ऐकत होता. मी मंडळात टाळकरी, पण त्या दिवशी कामामुळे गेलो नव्हतो. मी म्हटलं, "काय रे, समजतं का काही?" तो कानडीतच बोलायचा, मधून मधून आमची मराठी घालून. म्हणाला, "शब्द नाही समजत अण्णा. पण गाणारा दम चुकीच्या जागी घेतोय. स्वल्प आधी घेतला तर ओळ तुटणार नाही." मला राग आला. गाणारे आमचे रंगराव होते, मंडळाचे अध्यक्ष, पेठेतले कापडाचे व्यापारी. पण पुढच्या ओळीला मी कान दिला, आणि ती बरोबर त्याच जागी तुटली.

तेव्हापासून तो यायचा. वरात नसेल त्या संध्याकाळी खालच्या पायरीच्या कोपऱ्यावर उभा राहायचा, कधी क्लॅरिनेट काढून देवळातली चाल अगदी हळू, माझ्या मशीनच्या आवाजाखाली वाजवायचा. मी त्याला शब्दांचे अर्थ सांगायचो. अर्थ कळला की तो तीच चाल पुन्हा वाजवायचा, आणि ती निराळी वाजायची... हे मला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगतो, की मी चाळीस वर्षं टाळ वाजवले आणि काही चाली मला त्या पायरीवर कळल्या. तो बसायचा मात्र नाही. मीही कधी बस म्हटलं नाही.

माझी बायको लवकर गेली. मुलगा एकच, केशव, विमानाच्या कारखान्यात फिटर. १९५६ साली त्यानं आपल्या मनानं लग्न ठरवलं, मुलगी दुसऱ्या जातीची, तमिळ बोलणारी, नर्स. मी म्हटलं, मी येणार नाही. तो म्हणाला, "अप्पा, मग लग्नानंतर आम्ही कुठं यायचं?" मी म्हटलं, "यायचं तर पायरीपर्यंत ये." बोललो ते बोललो, मागे घेणं मला जमत नाही. लग्नाच्या दिवशी मी दुकान उघडं ठेवून बसलो. पेठेतले लोक येता-जाता बघत होते आणि मी मुद्दाम मशीन जोरात चालवत होतो.

दुसऱ्या दिवशी यल्लप्पा आला. त्या लग्नात वाजवायला त्याचाच बँड होता. मी काही विचारलं नाही. तो आपणच बोलायला लागला, जसं काही दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचं सांगतोय.

"मुलाचा कोट चांगला होता अण्णा. पण शिवण तुमची नव्हती. डावी बाही चढली होती."

मी सुईत दोरा ओवला.

"मुलगी ठेंगणी आहे. हसते तेव्हा तोंडावर हात ठेवते. केशवण्णानं तुमच्या नावानं एक पान वेगळं वाढून ठेवायला सांगितलं होतं. आम्हाला मागच्या अंगणात वाढलं ना, तिथून दिसत होतं ते पान. शेवटपर्यंत तसंच होतं."

"मग काय झालं त्याचं?"

"काय होणार. गाईला घातलं." आणि पुढे म्हणाला, "एक चाल तुमच्या देवळातली वाजवली मी. वरातीत. कुणाला कळलं नाही. केशवण्णानं वळून बघितलं."

एवढं सांगून तो गेला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. केशव अजून महिन्यातून एकदा येतो, खाली उभा राहून दोन शब्द बोलतो आणि जातो. त्याचं जास्त लिहीत नाही. पण तेव्हा माझ्याशी रोज बोलणारं माणूस या पेठेत एकच उरलं होतं, आणि तेही पायरीखालचं.

१९५८ च्या रामनवमीच्या आधीची गोष्ट. आमच्या गावात रामनवमीला मांडव पडतात, थोर थोर गवई येतात. आमचं मंडळही देवळासमोर लहानसा मांडव घालतं. यल्लप्पा एका संध्याकाळी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, चौदाव्या वर्षापासून वाजवतोय. वरातीत वाजवलं, मयतीला वाजवलं, निवडणुकीला वाजवलं. सगळं उभ्यानं. एकदा बसून वाजवायचंय."

"बसून वाजवल्यानं काय होतं?"

"चालताना दम पायांत जातो. गाडी येते, घोडा बुजतो, कुणी तरी म्हणतं, सिनेमाचं वाजव. बसलेल्या माणसाला लोक ऐकतात. एकदा ऐकावं कुणी."

मी मंडळात विषय काढला. मी हट्टी आहे, एकदा काढलेला विषय सोडत नाही. तीन बैठका झाल्या. नेमका आमचा पेटीवाला त्या वर्षी आजारी पडला, सुराला माणूस नव्हता, म्हणून रंगराव वाकले. म्हणाले, "राघोजी, तू म्हणतोस तर वाजवू दे. मांडव तर रस्त्यावर आहे, देवळात नाही. पण आपल्या जाजमावर नको. त्याला बाजूला वेगळा पाट द्या. आणि ते लाल कोट घालून सर्कशीसारखं नको, नीट कपडे घालून येऊ दे." मला वाटलं, मी केवढी लढाई जिंकली.

यल्लप्पानं पांढरं कापड आणलं. बंद गळ्याचा कोट हवा होता त्याला, विद्वान लोक घालतात तसा. कापड बेतानंच होतं, इंचभर जास्त नाही. मी वही काढली. खिळ्याची टेप त्यानं सवयीनं स्वतःच काढून घेतली, स्वतःच अंगाला लावून आकडे सांगितले. पाठीला हात पोचेना, तेव्हा शेजारच्या पानवाल्याच्या गड्याला बोलावून लावून घेतली. उभ्याचा रकाना भरला. मग मी सवयीनं बोलून गेलो, "आता बसल्याचं."

बसणार कुठे? पायरीवर बसलं तर पाय खाली सोडून बसणार, मांडीचं माप मिळत नाही. मांडी घालायची तर फळीवर यायला हवं. त्यानं फळीकडे बघितलं. मी वहीत बघत राहिलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही, समोरून एक टांगा गेला तेवढा असेल. मग तोच म्हणाला, "सरी अण्णा, ठीक आहे. उभ्याचंच घ्या. तुमच्या नजरेला काय लपून राहणार?"

माझ्या नजरेची पेठेत ख्याती होती. माणूस रस्त्यानं जाताना मी त्याची छाती सांगायचो. मी त्या ख्यातीवर कात्री चालवली. कापड बेताचं, म्हणून शिवणीत माया, म्हणजे आत दुमडायचं जादा कापड, ठेवली नाही. कोट दिसायला असा झाला, की खिळ्याला टांगला तर लोक थांबून बघायचे.

रामनवमीच्या संध्याकाळी यल्लप्पा तो कोट घालून आला. जाजम संपतं तिथे त्याचा पाट. मी टाळ घेऊन जाजमाच्या कडेला, त्याच्यापासून सहा हातांवर. पहिलं भजन झालं. त्यानं सुरांचा आधार दिला, पुढे आला नाही, मागे राहिला नाही. लोक माना वळवून बघायला लागले. दुसऱ्या भजनात रंगरावांनी ओळ सोडली आणि त्याला खूण केली, आता तू. ती ओळ लांब आहे, एका दमाची. मला ठाऊक होतं तो कुठे श्वास घेणार. त्यानं डोळे मिटले, पाठ गोल केली, कोपर बाहेर आले, आणि खोल, पोटापासून श्वास घेतला.

कोट पाठीत फाटला. दोन खांद्यांच्या मधोमध, गळ्यापासून वीतभर. सगळं थांबलेलं होतं त्या ओळीसाठी, म्हणून तो आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. त्याची फुंक वाद्यात गेलीच नाही, नुसता एक फुस्स आवाज निघाला. कुणी तरी हसलं, मग सगळेच हसले. रंगराव वाईट माणूस नव्हते, त्यांनी सावरायला म्हणून म्हटलं, "सवय नाही बाबा त्याला बसायची. ऊठ यल्लप्पा, उभ्यानंच वाजव, तेच बरं तुला." पुन्हा हसणं.

तो उठला. मांडवाच्या खांबामागे जाऊन उभा राहिला आणि उरलेला कार्यक्रम तिथून वाजवला. चांगला वाजवला. पण त्यानं पुढे एकही ओळ एकट्यानं घेतली नाही.

मला तिथे एक वाक्य बोलायचं होतं. कोट माझा चुकला, माप मी घेतलं नाही. एवढंच. टाळ खाली ठेवायचे आणि बोलायचं. पण समोर माझी गिऱ्हाइकं बसलेली, बापापासूनचं दुकान, राघोजीची नजर... मी टाळ वाजवत राहिलो. एकदा गप्प राहिलं की ती पण शिवण होते, दिवसेंदिवस घट्ट होत जाते. नऊ वर्षं मी ते वाक्य बोललो नाही.

दोन दिवसांनी तो आला. मी म्हटलं, "कोट आण, नीट करून देतो." तो म्हणाला, "राहू दे अण्णा, स्वल्पच उसवलंय. घरीच टाका घालतो." कोट त्यानं कधी आणला नाही, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बँडमधल्या पोरांनी त्याला "विद्वान" म्हणायला सुरुवात केली. वरात थांबली की पाट पाहिजे का म्हणून विचारायचे. वर्षभरात बँडमास्तरनं पुढची जागा दुसऱ्याला दिली, यल्लप्पाला मागच्या रांगेत टाकलं, मग फक्त गरज पडली तर बोलवायला लागले. आमच्या मंडळाचा पेटीवाला बरा झाला होता. म्हणजे इकडे जागा नाही, तिकडेही नाही. तो माझ्याकडे यायचा, पण पायरीवर चाल वाजवणं बंद झालं. मी शिवायचो, तो देवळाकडे बघायचा. त्या रामनवमीचा विषय त्यानं एकदाही काढला नाही. कधी कधी मला वाटायचं, त्यानं शिव्या दिल्या तर बरं होईल.

शेवटी आला तो या वर्षीच, जाण्याच्या महिनाभर आधी. खोकला लागला होता. पायरीपर्यंत येईस्तोवर दोनदा थांबला. जाताना म्हणाला, "अण्णा, पंधरा वर्षं झाली. एकदा घरी या."

"येतो," मी म्हटलं. गेलो नाही.

आणि आता मुनियम्मानं बोलावून तीन आठवडे झाले होते. एका रविवारी दुपारी उठलो आणि निघालो. रेल्वेच्या पलीकडे वस्ती आहे. चालत अर्धा तास. पंधरा वर्षं तो रोज चालत आला तेवढंच अंतर. घर एका खोलीचं. सारवलेलं, भिंतीला क्लॅरिनेट टांगलेलं, त्याला हळदीकुंकू लावलेलं. खुर्ची एकच होती, त्यावर मला बसवलं. मुनियम्मा उभी राहिली. माझ्यापुढे तिनं एक न फोडलेला नारळ ठेवला. आमच्यातला माणूस त्यांच्या घरचं पाणी घेत नाही, सालाचं फळ तेवढं घेतो, हे तिला माहीत होतं.

मी म्हटलं, "चहा नाही का घरात?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "आहे," म्हणाली. "तुम्ही घ्याल का, हे विचारायचं कसं ते कळेना." मग तिनं चूल पेटवली. चहा जास्त गोड होता. मी पुरा प्यालो.

मग तिनं ट्रंकेतून कोट काढला. पांढरा, घडी केलेला. मी उलटा करून बघितला आणि बघतच राहिलो. पाठीत मधोमध, गळ्यापासून खालपर्यंत, जांभळ्या लुगड्याची एक पट्टी जोडलेली होती. टाके ओबडधोबड, पण घट्ट.

"रोज संध्याकाळी घालायचा," ती म्हणाली. "तिथे, त्या चटईवर मांडी घालून बसायचा आणि तुमच्या देवळातली गाणी वाजवायचा. मी स्वयंपाक करायची. दुसरं कोण ऐकणार? शेजारी म्हणायचे, यल्लप्पाला वेड लागलं, घरात कोट घालून बसतो."

"कोटाचं काही बोलायचा का?"

"म्हणायचा, अण्णाची शिवण चोख आहे. मलाच बसता येत नव्हतं."

खोलीत धूर झाला होता. मी कोट मांडीवर घेऊन बसलो होतो. नऊ वर्षांचं ते वाक्य मी तेव्हा बोललो. "मुनियम्मा, त्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पट्टी मीच जोडली ना. दोन बोटं कमी होतं. माझ्यासारख्या बाईला कळलं अण्णा, ते तुम्हाला कळलं नसेल कसं? मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, जाऊन सांग. तो म्हणाला, नको. पेठेत अण्णाशी बोलायला दुसरं कोण आहे?"

मी पायरीवर त्याला उभं करून ठेवलं असं पंधरा वर्षं मला वाटत होतं. तो मला सोबत करायला येत होता.

तिनं बोलावलं होतं ते हिशेब विचारायला नव्हे. नंजप्पाच्या मुलीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. मुलीच्या बापाला मांडवात तास-दोन तास बसावं लागतं. यल्लप्पा जायच्या आधी सांगून गेला होता, कोट नंजप्पाला द्या, आणि अण्णाकडूनच त्याच्या अंगाचा करून घ्या, दुसऱ्याकडे टाकू नका. मी कोट घेतला. म्हटलं, "उद्या सकाळी त्याला पाठव. पट्टी मी काढणार नाही. तिच्या दोन्ही बाजूंना वाढवतो." ती सरी म्हणाली. दारापर्यंत आली नाही, आतूनच बघत राहिली.

रात्री वही काढून १९५८ चं पान उघडलं. यल्लप्पा, बंद गळा, पांढरं. उभ्याचं माप पुरं. बसल्याचं कोरं. कोट समोर होता, पट्टीसकट पाठ मोजून रकाना भरता आला असता. हातात पेन्सिल घेतलीही होती. पण कोटाचं माप म्हणजे माणसाचं माप नव्हे. तो रकाना मी कोराच ठेवला आहे आणि तसाच राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि आठच्या सुमाराला नंजप्पा आला. खालच्या पायरीवर उभा राहिला आणि सवयीनं हात वर करून चौकटीच्या खिळ्यावरची टेप काढली.

"ती ठेव," मी म्हटलं. "वर ये. मांडी घालून बस."

त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. पानवाला बघत होता, देवळाचा पुजारी दारात उभा होता. "नको अण्णा, उभ्यानंच घ्या. मी ढोलवाला, मला कुठे दम घ्यायचाय?"

मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा नको म्हणाला. तो माझ्यापेक्षा हट्टी निघाला, आणि का निघू नये. मग मी चष्मा लावला, वही काखेत धरली, फळीवरून खाली उतरलो. गुडघे दुखतात आता. फळीवरची सतरंजी पायऱ्यांसमोर रस्त्यावरच अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसलो. तो उभाच. मी वर मान करून त्याच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं तोही बसला, माझ्याकडे पाठ करून.

मी गळ्यातली टेप काढली. आधी हात ठेवला. पाठ रुंद, उजवा खांदा ढोलाच्या पट्ट्यानं उतरलेला. हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. टेप एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत लावली आणि म्हटलं, "श्वास घे. पोटापासून घे, पुरा."

त्यानं घेतला. माझ्या हाताखाली पाठ वर आली. आकडा बघितला, वही गुडघ्यावर धरली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिला.